साखरेचा हत्ती

आपल्याकडे साखरेलाही ऋतू असतात. संक्रांतीला ती तिळाच्या अंगावर काटे होऊन बसते, होळी-पाडव्याला गाठीची माळ होते, दिवाळीला तिचे हत्ती, घोडे, मोर, मनोरे होतात. बाकी वर्षभर ती डब्यातली नुसती साखर. उलट डॉक्टरांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं की आपण दचकतो. सणाच्या चार दिवसांत मात्र तिला आकार येतो, गुलाबी-पिवळा रंग येतो, आणि साठी ओलांडलेल्या बाईलाही ती हातात घेऊन बघावीशी वाटते.

हैदराबादेतल्या मराठी घरांचं हे साखरेचं पंचांग जरा जास्तच भरलेलं. तिळगूळ आपला. होळीला शेजारची तेलुगू मंडळी लेकरांच्या गळ्यात साखरेच्या माळा घालतात, त्या माळांना ते पेर्लु म्हणतात. आपण गाठी म्हणतो. रेवडी आणि गजक उत्तरेकडून येऊन इथे स्थिरावलेल्या दुकानदारांची, आणि दिवाळीची साखरेची खेळणीही त्यांचीच. जामबागेतून निघायचं, पुतळीबावली मागे टाकायची, उस्मानगंज ओलांडलं की बेगम बाजार. तिथे दिवाळीच्या आधी लाह्या-बत्ताशांच्या ढिगाशेजारी ही खेळणी मांडलेली असतात. कारागिरी साधीच. लाकडाचा दोन भागांचा साचा, त्यात घट्ट होत आलेला पाक ओतायचा, थंड झाला की साचा उघडायचा. हत्तीची सोंड कधी तुटलेली, घोड्याचा पाय आखूड. मुलांना त्याचं काही नसतं.

आता चवीचं खरं सांगायचं तर माझी मतं फार लोकांना पटत नाहीत. साखरेची खेळणी चवीला काहीच नसतात. दातांना कचकच आणि जिभेला नुसता गोडवा. गाठी त्याहून बरी, कारण ती तोंडात विरघळायला वेळ घेते आणि मधला दोरा चोखण्यात एक वेगळीच गंमत असते. रेवडीला मी तिसरा नंबर देईन. पहिला नंबर काटेरी हलव्याचा, आणि तोही घरी केलेल्या. मंद शेगडीवर परात ठेवून पाकाचा चमचाभर थेंब टाकायचा, बोटांनी हलवत राहायचं, तो सुकला की पुढचा थेंब. एका वाटीभर तिळाला काटा यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि हवा गार नसेल तर काटा येतच नाही. बाजारचा हलवा बहुधा साबुदाण्यावर केलेला. साबुदाणा कंदाचा, म्हणून आमच्या जैन घरांत तो चालत नाही. मग तीळ, बडीशेप, लवंगा, सोललेल्या भोपळ्याच्या बिया यांच्यावर काटा चढवायचा. लवंगेवरचा हलवा पहिल्यांदा गोड लागतो आणि मग जिभेला चटका देतो. मला तो माणसांसारखा वाटतो.

पण हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात येतं की मला आठवते ती चव नाही. साखर रेशनवर मिळायची, महिन्याची साखर मोजून चहात पडायची, त्या दिवसांत नुसत्या साखरेचा एक अख्खा मोर हातात येणं हीच चैन होती. आज मुलांच्या हातात रोजच चॉकलेट आहे, त्यामुळे तो मोर त्यांना फिका वाटला तर त्यांचं काही चुकत नाही. आम्हाला आठवतो तो तुटवडा, आणि तुटवड्यात कुणीतरी आपल्यासाठी काढून ठेवलेला वाटा. आठवणींना आपण उगाच चवीचं नाव देतो.

आठवणीत आणखी एक गोष्ट घट्ट बसलेली आहे, आणि हा लेख खरा तिच्यासाठी आहे. आमच्या आजीचा नियम होता: मनोरा खा, बंगला खा, फूल खा, हत्ती, घोडा, मोर खायचा नाही. आम्ही सैतवाळ, आजी परभणीकडची. तिची भाषा अखेरपर्यंत तिकडचीच राहिली. "कायला मोडायलीस त्याची सोंड? जिवाचा आकार आहे नं तो," असं ती म्हणायची. आणि हा नियम तिच्या एकटीचा नव्हता. कितीतरी जैन घरांत तो आजही आहे. प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं घरात येत नाहीत, वाढदिवसाच्या केकवर ससा किंवा मासा काढू देत नाहीत, कणकेची चिमणी करून तव्यावर भाजत नाहीत.

साखरेच्या हत्तीत जीव नाही, हे आजीलाही ठाऊक होतं. मग तो खाण्यात हिंसा आहे का? प्रश्न पोरकट वाटेल. पण आपल्या परंपरेत या प्रश्नावर हजार वर्षांपूर्वी मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि तेही आपल्या आसपास, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

तो ग्रंथ म्हणजे सोमदेवसूरींचा यशस्तिलक. इसवी सन 959 मध्ये तो पूर्ण झाला. सोमदेवांना आश्रय होता वेमुलवाडच्या चालुक्यांचा, म्हणजे आजच्या तेलंगणातल्याच राजघराण्याचा. त्यांना दिलेल्या दानाचा 966 सालचा ताम्रपट सापडला तो परभणीत. त्याच शतकात पुष्पदंतांनी हीच कथा अपभ्रंशात लिहिली, तीही मान्यखेटात, म्हणजे गुलबर्ग्याजवळच्या मळखेडला. पुढे 1209 मध्ये जन्न कवीने ती कानडीत आणली. म्हणजे तेलंगण, मराठवाडा, कर्नाटक या आपल्या तिन्ही मुलखांनी ही कथा सांभाळली आहे.

कथा तुम्ही मंदिरात ऐकली असेल. उज्जैनचा राजा यशोधर. राणीचं वागणं बघून त्याचं मन संसारातून उठतं, आणि दीक्षा घेण्यासाठी निमित्त म्हणून तो आईला एक वाईट स्वप्न पडल्याचं सांगतो. आई चंद्रमती घाबरते आणि देवीला पशुबळी दे म्हणते. राजा म्हणतो, जीव मारणार नाही. आई हट्टाला पेटते. शेवटी दोघं मधला रस्ता काढतात: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो देवीपुढे कापायचा. कापतात. त्यानंतर राणी दोघांना विष घालते, आणि मायलेक पुढे कितीतरी जन्म मोर, कुत्रा आणि इतर जनावरं होऊन मारले जातात, एकमेकांच्या हातूनही मरतात. एका पिठाच्या कोंबड्यापायी एवढा फेरा.

आजीच्या नियमाचं मूळ या कथेत आहे. पिठाच्या कोंबड्याने जर राजाची ही गत झाली तर साखरेच्या हत्तीने आपली काय होईल, असा सरळ हिशोब. लहानपणी मला ही कथा ऐकून रात्री झोप लागत नसे.

मोठेपणी ती पुन्हा वाचली तेव्हा मला तिच्यात दुसरंच काही दिसलं. यशोधराने पिठाचा गोळा कापला, पण तो कापताना त्याला त्याने कोंबडा मानलं होतं. मारण्याचा विधी केला, मारण्याचं फळ मागितलं. जिवंत कोंबड्याच्या जागी पिठाचा ठेवला, पण मनातली सुरी तीच ठेवली. दोष पिठाच्या आकारात नव्हता, संकल्पात होता. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने त्यातली संकल्पी तरी पूर्ण सोडावी अशी अपेक्षा असते. यशोधराची हिंसा संकल्पी होती. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्राण जाण्याच्या आधी प्रमादाला जागा दिली आहे. अमृतचंद्राचार्य तर त्याच्याही पुढे जातात. मनात राग-द्वेष उठला की हिंसा झाली, न उठला की अहिंसा, असं त्यांचं म्हणणं आहे. तंदुल मत्स्याची गोष्ट हेच सांगते. मोठ्या माशाच्या तोंडातून आत-बाहेर करणारे मासे बघून तांदळाएवढा मासा मनाशी म्हणतो, मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडलं नसतं. त्याने एकही मासा खाल्ला नाही. तरी तो सातव्या नरकात गेला.

हे प्रमाण धरलं तर दिवाळीच्या दिवशी साखरेचा हत्ती तोंडात घालणाऱ्या चार वर्षांच्या पोराचा संकल्प काय असतो? त्याला साखर हवी असते. हत्ती मरावा असं त्याच्या मनात येत नाही, हत्ती मारून काही मिळवावं असंही येत नाही. मग यशोधराची कथा त्याच्या अंगावर फेकायचं कारण काय? माझ्या मते कथा त्या पोराला लागू होत नाही. ती लागू होते आपल्याला, जेव्हा आपण एखादी गोष्ट 'प्रत्यक्षात नाही ना केली' म्हणून स्वतःला माफ करतो आणि मनात मात्र ती पूर्ण करून बसतो. जावेचं वाईट व्हावं असं मनात आणून वर तिला गोड बोलणं हा पिठाचाच कोंबडा आहे.

तरीही आजीचा नियम मला टाकून द्यावासा वाटत नाही. त्याचं कारण शास्त्रापेक्षा सवयीत आहे. पोरं हत्ती हातात घेतात तेव्हा गप्प खात नाहीत. "मी याचं डोकं खाल्लं," "मी याचा पाय तोडला," असं ओरडत खातात. खेळच तो. पण हात आणि जीभ खेळातच शिकतात. ज्या मुलीला कुणीतरी एकदा सांगितलं, "अगं, हा तुझा हत्ती आहे नं, राहू दे त्याला," ती मुलगी अंगणातल्या गोगलगायीवर पाय ठेवताना बहुधा थबकेल. नियमाने पुण्य मिळतं म्हणून नव्हे, तर थबकायची सवय लागते म्हणून तो चांगला. आजीचा नियम हे साधन होतं, निकाल नव्हता. निकाल म्हणून वापरला की तो बिघडतो.

तो कसा बिघडतो हे मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका सामाजिक कार्यक्रमात एका लहान मुलाच्या हातात माशाच्या आकाराची गोळी होती. कुणीतरी दिलेली, बहुधा शाळेत. एका जाणत्या बाईंनी ती त्याच्या तोंडातून काढायला लावली आणि सगळ्यांसमोर त्याच्या आईला विचारलं, "हेच संस्कार का?" आई लाल झाली, पोर रडलं, आणि त्यानंतर ते पोर पाठशाळेला आलं नाही. आता सांगा, त्या दहा मिनिटांत हिंसा कुणाची झाली? गोळीतल्या माशाला जीव नव्हता. पोराला होता. त्या बाईंना पोराबद्दल द्वेष नसेल, पण रागाच्या भरात त्याच्या मनाचं भान सुटलं, आणि त्यालाच तर प्रमाद म्हणतात.

आकाराची एवढी काळजी घेणारे आपण, आतल्या द्रव्याची किती घेतो? चांदीचा वर्ख घ्या. चारमिनारजवळच्या गल्ल्यांतून वर्ख ठोकणाऱ्यांचा टकटक आवाज पूर्वी सतत यायचा. चांदीचे तुकडे ज्या पुडक्यात ठेवून ठोकायचे त्याची पानं पुष्कळदा जनावरांच्या आतड्याची किंवा कातड्याची असत. 2016 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख करताना प्राणिजन्य वस्तू वापरायची नाही असा नियम केला. पण त्याआधी कितीतरी पिढ्या आपण साखरेचा हत्ती बाजूला सारून वर्ख लावलेली काजूकतली निर्धास्त खाल्ली. साखरेचंही तेच. परदेशी कारखान्यांत साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरत, म्हणून 1905च्या स्वदेशी चळवळीत विलायती साखर सोडा असं लोकांना सांगितलं गेलं. आपल्या इकडचे कारखाने बहुतेक गंधकाच्या धुराने रस साफ करतात, त्यामुळे ती चिंता आज कमी. हिरव्या ठिपक्यावर आपला फार विश्वास असतो. पण कायद्याने मध, मेण आणि लाख यांना मांसाहारात धरलेलंच नाही. म्हणजे मध घातलेल्या गोळीला हिरवा ठिपका मिळू शकतो, आणि मध तर आपल्याला मद्य-मांसाच्या रांगेत सांगितलेला आहे.

माझ्या एका भाचीने अमेरिकेतून फोनवर विचारलं होतं. ऑक्टोबरअखेर हॅलोविनला तिथे मुलं दारोदार जाऊन गोळ्या गोळा करतात. "मावशी, अळीच्या आकाराच्या मऊ गोळ्या असतात. बहुतेकांत जिलेटिन असतं, ते मी देत नाही. पण आता फळांच्या पेक्टिनवर केलेल्याही मिळतात. त्या चालतील का? आणि मक्याच्या दाण्यासारख्या गोळ्या असतात, त्यांना तर कसलाच आकार नाही." मी तिला म्हटलं, त्या मक्याच्या दाण्याचं पाकीट आधी वाच. बऱ्याच कंपन्यांच्या त्या गोळीत जिलेटिनही असतं आणि मधही. तिने वाचलं, आणि तसंच निघालं. म्हणजे दिसायला निष्पाप दाणा, आत हाडं-कातडीपासून केलेलं जिलेटिन. आणि दिसायला अळी, आत संत्र्या-सफरचंदाची सालं. द्रव्य आणि भाव यांची अशी अदलाबदल आजीच्या काळी नव्हती. तेव्हा सगळंच साखरेचं होतं, म्हणून आकारावर लक्ष ठेवलं की पुरत असे. आता आधी पाकिटामागचं वाचायचं, आकाराचा विचार नंतर.

पण द्रव्य म्हणजे फक्त जिलेटिन आणि वर्ख एवढंच धरून थांबता येत नाही. साखरेच्या हत्तीतली साखर कुठून येते? दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, परभणी, जालन्याच्या गावांतून बिऱ्हाडं गाड्यांवर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकाच्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. एक दिवस बुडला की खाडा, म्हणजे मजुरी गेली आणि वर दंड. पाळीचा दिवस असला तरी खाडा तो खाडा. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झाली 82,309 बायकांची. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

हा आकडा वाचल्यावर मी पुष्कळ वेळ काही बोलले नाही. आम्ही घरात बसून सोंड मोडावी की मोडू नये याचा खल करतो, आणि ज्या बाईने तो ऊस तोडला तिच्या शरीराचं काय झालं हे आम्हाला ठाऊक नसतं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं तेव्हा तिचा हंगाम ऐन भरात असतो. आपण पंचेंद्रिय जीवांची गणना करताना हत्ती, घोडा, मोर म्हणतो. ती बाईही त्याच यादीत आहे.

कुणी म्हणेल, मग काय साखरच सोडायची? ज्यांना जमेल त्यांनी सोडावी. रसपरित्याग हे आपलं बाह्य तप आहेच, आणि आठवड्यातल्या एखाद्या वारी गोड न खाणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत असतात. पण मी एकटीने साखर सोडल्याने फडावरच्या बाईला सुटी मिळणार नाही, हेही मला कळतं. तिच्यासाठी जे करायचं ते वेगळं आहे: तिच्या मजुरीचा, आजारपणाच्या रजेचा, मुलांच्या शाळेचा प्रश्न जिथे उठेल तिथे आपल्या समाजाने उभं राहायचं. दानाच्या याद्या करताना मंदिराच्या कळसाबरोबर तिच्या गावचा दवाखानाही यादीत यावा. हे करायला शास्त्राची परवानगी शोधावी लागत नाही. औषधदान आणि अभयदान ही आपल्या चार दानांतलीच दोन आहेत.

आणि घरात काय करायचं? याचं उत्तर मला आपल्याच दिवाळीत सापडतं. आश्विन वद्य अमावास्येच्या पहाटे महावीरस्वामींचं निर्वाण झालं. त्या पहाटे आपण मंदिरात निर्वाण लाडू चढवतो. आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत तो घरी बांधायचा. तूप, साखर, वेलदोडा यांचा वास घरभर. पोरं घुटमळतात. पण तो लाडू कुणी खात नाही. चढवला की तो निर्माल्य झाला, आपल्या घरी परत येत नाही. सगळ्या सणांच्या गोडांत हा एकच असा, जो करायचा आपण, उत्तम करायचा, आणि त्यातला कणही तोंडात घालायचा नाही. लहानपणी मला हा लाडू अन्याय वाटे. आता वाटतं, गोड सगळं आपल्याच जिभेसाठी नसतं, हे लेकराला शिकवायला याच्याहून सोपा धडा नाही. कुणाला रागवावं लागत नाही, कुणाच्या तोंडातून काही काढावं लागत नाही.

म्हणून माझं मत एवढंच. प्राण्यांच्या आकाराची साखर मी विकत घेत नाही; आजीचा नियम मला प्रिय आहे आणि तो मोडून मला काही मिळवायचं नाही. पण कुणाच्या लेकराच्या हातात ती असली तर हिसकावू नये. त्याच्याजवळ बसावं आणि हत्तीचं नाव काय ते विचारावं. नाव ठेवलं की बहुतेक पोरं तो खात नाहीतच, हा माझा अनुभव आहे. आणि खाल्लाच, तर साखर खाल्ली, एवढंच झालं. न खाल्लेला हत्ती फळीवर वर्षभर ठेवायचा असाही हट्ट नको. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागतात, चौथ्या दिवशी कुणीतरी फडक्याने फळी पुसतं, आणि साखरेच्या हत्तीला वाचवता वाचवता शंभर खऱ्या जिवांचा चुरा होतो. आमची आजी हे ओळखून होती. दिवाळी झाली की उरलेले हत्ती-घोडे ती मागच्या अंगणात पारिजातकाच्या बुंध्याशी, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवून यायची. मुंग्या रांगेने यायच्या आणि सोंडेपासून शेपटीपर्यंत सगळा हत्ती नेऊन टाकायच्या. त्यांना आकार दिसत नाही. त्यांना फक्त भूक असते, आणि ती भागवताना त्या एकमेकींना तुडवत नाहीत.

पुढच्या दिवाळीला बेगम बाजारात जाल तेव्हा लाह्या घ्या, बत्तासे घ्या. पोरांनी मागितला तर मनोराही घ्या. पाकिटातलं काही असेल तर मागची बाजू वाचून घ्या. थोडं कमीच घ्या. आणि घरी आल्यावर, दिवे लावायच्या आधी, ही साखर कुणी कुणी हाताळली असेल ते पोरांना एकदा सांगा. ऊस तोडणारी बाई, गाडी हाकणारा, पाक ढवळणारा, साचा उघडणारा. जिवाचा आकार असलेली साखर दिसली की आपण थबकतो. त्या साखरेमागचा जीव दिसावा म्हणूनही थोडं थबकायला हरकत नाही.